‘वैतरणा’, 1888: गाण्यातली बोट आणि नोंदीतली बोट

8 नोव्हेंबर 1888, गुरुवार. कच्छमधल्या मांडवी बंदरातून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’ नावाची आगबोट काठियावाडच्या किनाऱ्यासमोर वादळात सापडली आणि नाहीशी झाली. बोटीवर 703 उतारू आणि 43 खलाशी होते. त्यांतला एकही परतला नाही. प्रेतं मिळाली नाहीत, अवशेष मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती बेपत्ता म्हणून जाहीर झाली आणि आजतागायत ती बेपत्ताच आहे.

गुजरातेत ही बोट कुणाला ठाऊक नाही असं नाही. तिथे ती ‘हाजी कासमची वीजळी’. तिच्यावरचं लोकगीत पिढ्यान्‌पिढ्या गायलं गेलं. आपल्याकडे मात्र तिचं नाव फारसं ऐकू येत नाही. खरं तर ती होती मुंबईच्या शेफर्ड कंपनीची, नाव होतं आताच्या पालघर जिल्ह्यात समुद्राला मिळणाऱ्या आपल्या नदीचं, आणि तिच्यावरची बहुतेक माणसं मुंबईलाच येत होती.

प्रकरण अभ्यासायला कठीण आहे, कारण सांगायला कुणी उरलंच नाही. अशा वेळी बुडण्याच्या क्षणाविषयी कल्पना लढवण्यापेक्षा आधीचं जे ठरलेलं, मोजलेलं आहे ते हातात घ्यावं: बोटीची मापं, माणसांची संख्या, पंचांगातली तिथी, किनाऱ्याचा आकार. एवढ्यावरूनही बरंच सांगता येतं. लोककथेचा बराचसा भाग त्यात टिकत नाही.

बोट केवढी होती

स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथच्या गोदीत 1885 साली ‘वैतरणा’ पाण्यात उतरली. पोलादी बांधणी, दोन डोलकाठ्या, 73 अश्वशक्तीचं कंपाउंड वाफेचं इंजिन. लांबी 170.1 फूट, रुंदी 26.5 फूट, खोली 9.9 फूट. वेग ताशी 13 मैलांच्या आसपास. तीन मजले आणि पंचवीस केबिनी. बोटीवर विजेचे दिवे होते, त्यावरून लोकांनी तिला ‘वीजळी’ म्हटलं. मुंबई शहराला नियमित वीजपुरवठा सुरू झाला तो 1905 च्या सुमारास. त्याच्या सतरा वर्षं आधी रात्रीच्या काळोखात दिव्यांची रांग घेऊन जाणारी बोट पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरली नसती तरच नवल.

पण दिव्यांपेक्षा महत्त्वाचे आकडे दुसरेच आहेत. नोंदणीत तिचं एकूण टनेज 292 आणि निव्वळ टनेज 64 दिलं आहे. जहाजाचं हे टनेज म्हणजे वजन नव्हे, ते आतली बंदिस्त जागा मोजतं, शंभर घनफुटांना एक टन या हिशेबाने. निव्वळ टनेज म्हणजे इंजिन, कोळसा, खलाशांच्या खोल्या वगैरे वजा जाता कमाईसाठी उरणारी जागा. 64 टन म्हणजे 6,400 घनफूट. त्यात 703 माणसं बसवली तर माणशी नऊ घनफूट येतात, म्हणजे सुमारे दोन फूट लांब, दोन फूट रुंद, सव्वादोन फूट उंच पेटी. उघड आहे, बहुतेक उतारू बंदिस्त जागेत नव्हतेच. ते डेकवर होते.

डेक तरी किती? लांबीला रुंदीने गुणलं तर साडेचार हजार चौरस फूट भरतात. तेही बोट आयताकृती धरून, टोकांची निमुळती जागा, धुराडं, गोदामाची तोंडं, दोरखंड, काहीही वजा न करता. 746 माणसांत वाटणी केली तर माणशी सहा चौरस फूट, एकेरी सतरंजीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी जागा. वर आणखी मजले होते म्हणून दाटी थोडी कमी झाली असेल, पण तीच तर मेख आहे. मजले वर चढले की माणसंही वर चढतात. साडेसातशे माणसांचं वजन सामानासकट चाळीस-पन्नास टन. बोट त्याने बुडत नाही. हे वजन कुठे आहे आणि ते जागचं हलतं का, यावर सगळं अवलंबून असतं. गोदामातला कापसाचा गठ्ठा लाट आली म्हणून उठून पलीकडच्या कठड्याशी जात नाही. माणूस जातो. पाऊस आणि फवारा एका बाजूने येऊ लागला की सगळे दुसऱ्या बाजूला सरकतात, आणि दहा फूटसुद्धा खोली नसलेल्या बोटीवर ते सरकणं नेमकं जड समुद्रातच होतं.

खोली इतकी कमी ठेवण्यामागे कारण होतं. काठियावाड आणि कोकणची बंदरं उथळ, खाडीच्या तोंडाशी वाळूचे बांध. शेफर्ड कंपनीच्या बोटी दोन्ही किनाऱ्यांवर धावत. फार पाणी न लागणारी, भरपूर डेक असलेली, वेगवान बोट हा त्या धंद्याचा साचा होता. उतारू स्वतःच्या पायांनी चढतो आणि उतरतो, त्याला गोदाम लागत नाही. मांडवी ते मुंबई भाडं आठ रुपये होतं आणि प्रवास तीस तासांचा.

माणसं का चढली

कच्छला तेव्हा दुसरी वाट नव्हती. देशाच्या रेल्वेशी कच्छ जोडला गेला तो स्वातंत्र्यानंतर, 1952 साली. भाटिया, लोहाणा, खोजा, मेमन, जैन अशा कच्छी व्यापाऱ्यांचं निम्मं घर मुंबईत असायचं आणि मधला रस्ता म्हणजे समुद्र.

त्या दिवशी तिथी होती कार्तिक शुद्ध पंचमी. आपल्याकडची पांडवपंचमी, गुजरातेतली लाभपंचमी. दिवाळीनंतर व्यापारी पेढ्या उघडतात तो हा दिवस. सणाला गावी आलेली माणसं मुंबईला परतायची तीही याच सुमारास. बोट खच्चून भरली यात काही गूढ नाही. चाकरमान्यांनी भरलेली गणपतीनंतरची गाडी ज्याने पाहिली असेल त्याला हे सांगायला नको.

मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलं बोटीवर होती असं सांगतात, आणि ते पटतं. मुंबई विद्यापीठाची ही परीक्षा तेव्हा अहमदाबाद आणि मुंबई या दोनच केंद्रांवर होत असे. गांधी आदल्याच वर्षी, 1887 च्या नोव्हेंबरात, अहमदाबादला परीक्षेला बसले. काठियावाडच्या मुलांना जवळचं आणि स्वस्त म्हणून तेच केंद्र बरं पडे, असं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. कच्छच्या मुलाला मात्र मुंबईची थेट बोट सोयीची.

तेरा वऱ्हाडांची गोष्ट मला तितकी सहज पटत नाही. कथेत ‘वैतरणे’वर तेरा लग्नांची वऱ्हाडं होती, नवरे बाशिंगासकट बुडाले. पण तिथी पाहा: पंचमी. बोट सुखरूप पोचली असती तरी षष्ठी-सप्तमी उजाडली असती. देवउठी एकादशी त्यापुढे चार-पाच दिवसांवर, आणि तिच्याआधी हिंदूंमध्ये लग्नाचे मुहूर्त नसतात. वऱ्हाडं आधीच निघाली असतील, मुसलमानांची लग्नं असतील, काही जण केवळ बस्ता बांधायला मुंबईला येत असतील, हे सगळं शक्य आहे. पण मांडवाखालून थेट समुद्रात गेलेले तेरा नवरदेव हे चित्र गाण्याने रंगवलेलं दिसतं. बुडालेल्यांची संख्या तेराशे, हाही गाण्याचाच आकडा. तेराशे माणसं धरली तर डेकवर माणशी साडेतीन चौरस फूटसुद्धा येत नाहीत.

घड्याळ जुळत नाही

सर्वत्र सांगितला जाणारा क्रम असा: गुरुवारी दुपारी मांडवीहून 520 उतारू घेऊन निघाली, द्वारकेला आणखी घेतले, संख्या 703 झाली, पोरबंदरला खराब हवेमुळे थांबली नाही, संध्याकाळी मांगरोळच्या किनाऱ्यावरून दिसली, रात्री माधवपूरच्या आसपास फुटली.

आता अंतरं लावून पाहू. मांडवी ते द्वारका समुद्रमार्गे पन्नास मैलांच्या आत-बाहेर, द्वारका ते पोरबंदर साठेक, पोरबंदर ते मांगरोळ पुन्हा पन्नास. दीडशेच्या वर मैल. शांत समुद्रात पूर्ण वेगाने बारा तास. त्यात द्वारकेला नांगर टाकून मचव्यांतून 183 माणसं चढवायचा वेळ मिळवा. दुपारी निघालेली बोट त्याच संध्याकाळी मांगरोळसमोर असूच शकत नाही, मध्यरात्र उलटली पाहिजे. शिवाय माधवपूर मांगरोळच्या अलीकडे आहे. म्हणजे या कथनाप्रमाणे बोट मांगरोळपर्यंत जाऊन उलटी फिरली असं धरावं लागतं.

निघण्याची वेळ तरी चुकीची सांगितली गेली आहे, किंवा संध्याकाळी मांगरोळवरून दिसलेली बोट दुसरीच होती. किनाऱ्यावरच्या माणसांवर खोटेपणाचा आरोप करण्याचं कारण नाही. वादळात दूरवर एखादं गलबत, एखादा दिवा दिसतो, दोन दिवसांनी बातमी येते आणि मग तो दिवा ‘वीजळी’चाच ठरतो. पण बोट कुठे बुडाली हे सांगताना या साक्षींवर भार टाकता येत नाही.

पोरबंदर

लोककथेचा कणा पोरबंदरात आहे. तिथला ब्रिटिश प्रशासक लेली याने कप्तानाला बजावलं की हवा वाईट आहे, पुढे जाऊ नकोस. कप्तानाने ऐकलं नाही, आणि साडेसातशे जीव घेऊन तो गेला.

लेली खराच होता. 1886 मध्ये राणा विक्रमातजींचे अधिकार काढून घेतल्यावर पोरबंदरचा कारभार त्याच्याकडे होता. विलायतेला जाण्यासाठी संस्थानाची मदत मागायला गांधी याच लेलीकडे गेले होते आणि आधी बी. ए. हो, मग ये, असं ऐकून परतले. पुढे 4 सप्टेंबर 1888 ला ते मुंबईहून निघाले, ‘वैतरणे’च्या दोन महिने आधी. पण लेलीने कप्तानाला इशारा दिल्याच्या कथेला नंतरच्या संशोधनात आधार सापडला नाही. आणि बोट पोरबंदरला थांबलीच नसेल, तर इशारा दिला कुठे? एकाच कथेत दोन्ही गोष्टी मावत नाहीत. शहाणा गोरा साहेब आणि हट्टी देशी कप्तान ही जोडी कथेला हवी होती, म्हणून ती तिथे आहे.

माझ्या मते पोरबंदर टाळणं हा अख्ख्या प्रवासातला सर्वांत समजण्यासारखा निर्णय होता. नकाशा घ्या. द्वारकेपासून दीवपर्यंत किनारा वायव्येकडून आग्नेयेकडे तिरपा उतरतो, तोंड नैर्ऋत्येला. वारा समुद्राकडून असेल तर हा सगळा किनारा वाऱ्याखाली येतो, बोट जमिनीकडे ढकलली जाते. अशा वेळी उथळ, उघड्या बंदरात शिरणं म्हणजे फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यातून बोट नेणं. मुरलेला तांडेल वादळात जमीन जवळ करत नाही, तो खोल पाणी धरतो. कप्तानाने तेच केलं असावं. गाण्यात त्याचा उद्दामपणा झाला.

पण खोल पाणी धरायलाही बोट तशी हवी. आग्नेयेला जाणाऱ्या बोटीला नैर्ऋत्येची लाट बरोबर कुशीत बसते. लाट समोरून घ्यायची तर मुंबईची दिशा सोडावी लागते. साडेसव्वीस फूट रुंद, दहा फुटांपेक्षा कमी खोल, वरच्या मजल्यांवर माणसांनी भरलेली बोट रात्रभर कुशीत लाटा घेत राहिली तर काय होतं याला साक्षीदाराची गरज नाही. बोट उलटण्याची शक्यता सर्वांत मोठी. ती मिनिटांत होते आणि होड्या सोडायला वेळ देत नाही. किनाऱ्याला काहीच न लागणं याच्याशी जुळतं, पण त्यावरून हे सिद्ध होत नाही.

हातातला खरा निर्णय पोरबंदरच्या आधीचा. मांडवीत 520 चढले तेव्हाच बोट भरली होती. द्वारकेला आणखी 183 घेणं हवेचा प्रश्न नव्हता, तिकिटांचा होता. द्वारकेजवळ ‘बेट द्वारका’ या बेटाच्या आडोशाला शांत पाणी आहे आणि पुढे मुंबईपर्यंत तसा आडोसा सहज नाही. थांबायचं असतं तर जागा ती होती.

हवेचा अंदाज मिळू शकला असता का? धोक्याच्या सूचना देण्याची पद्धत कलकत्त्यात 1865 पासून आणि मुंबईत 1880 पासून होती, 1886 पर्यंत ती देशातल्या बंदरांना लागू झाली होती. पण तारायंत्र जमिनीवर होतं. भर अरबी समुद्रात चक्रीवादळ आहे हे कळायला ते जमिनीजवळ यावं लागे किंवा त्यातून वाचलेलं जहाज बंदरात पोचावं लागे. आणि मुख्य म्हणजे नोव्हेंबर हा नारळी पौर्णिमेनंतरचा, समुद्र खुला झालेला काळ. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात, पावसाळ्याआधीचा आणि पावसाळ्यानंतरचा. दुसरा हंगाम नेमका प्रवासाच्या गर्दीवर येतो.

चौकशीत काय निघालं

मुंबई सरकारने आणि कंपन्यांनी शोधायला आगबोटी पाठवल्या, हाती काही लागलं नाही. चौकशी मंडळ बसलं. त्याच्यापुढे बोट नव्हती, कप्तान नव्हता, उतारू नव्हते. होती ती फक्त सामानाची यादी, आणि तिच्यावरून निघालेला निष्कर्ष स्पष्ट होता: बोटीवर जीव वाचवण्याची साधनं अपुरी होती. होड्या पुरेशा नाहीत, जीवरक्षक पट्टे पुरेशा संख्येने नाहीत.

याची पार्श्वभूमी लंडनमध्ये होती. त्याच वर्षी, 1888 साली, ब्रिटिश पार्लमेंटने जहाजांवरच्या जीवरक्षक साधनांचा कायदा केला. त्याखाली पुढे जे नियम आले त्यांत होड्यांची संख्या माणसांवर नव्हे, जहाजाच्या टनेजवर ठरली. मोठं जहाज, जास्त होड्या. लहान टनेजवर प्रचंड माणसं नेणारी किनारी बोट या विचारात बसतच नव्हती. 1912 मध्ये ‘टायटॅनिक’वर सोळा होड्यांची कायदेशीर अट पूर्ण झालेली होती आणि तरी जवळपास निम्म्या माणसांना जागा नव्हती, ते याच टनेजच्या नियमामुळे. ‘वैतरणे’ला गुजरातची टायटॅनिक म्हणण्याची हौस अनेकांना आहे. दोघींचं खरं नातं असेल तर या एका कलमापुरतं.

पण होड्यांवर सगळा दोष टाकून मंडळाने मूळ प्रश्न बाजूला ठेवला असं मला वाटतं. त्या रात्री होड्या असत्या तरी त्या पाण्यात उतरवता आल्या असत्या का, शंका आहे. विचारायला हवं होतं ते 292 टनांच्या बोटीवर सातशे उतारू घेण्याविषयी. 64 हा आकडा नोंदणीत छापलेला होता.

नाव कुणाचं राहिलं

हाजी कासम कोण, याची उत्तरं कथेत वेगवेगळी मिळतात. कुठे तो कप्तान आहे, कुठे मालक. एका कथेत फकिराने त्याला नव्याण्णव जहाजांचा आशीर्वाद दिलेला असतो. कागदावर बोट ए. जे. शेफर्ड आणि कंपनीची होती. मांडवीच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र मुंबईतली गोरी पेढी दिसत नव्हती. ओळखीचा होता तो हाजी. म्हणून गाणं त्याच्या नावाने रचलं गेलं, हळहळही त्याच्या नावाने झाली, रागही. शेफर्डचं नाव गाण्यात नाही.

मराठी वाचकाला यावरून ‘रामदास’ आठवेल. 17 जुलै 1947, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून अधिक माणसं गेली. ‘वैतरणे’ला एकोणसाठ वर्षं झाली होती. बिनतारी संदेशयंत्र जगभरच्या जहाजांवर रुळलं होतं, ‘रामदास’वर ते नव्हतं. मुंबईपासून हाकेच्या अंतरावर घडलेली दुर्घटना शहराला कळली ती पोहून आलेल्यांकडून, कित्येक तासांनी. ‘रामदास’च्या बाबतीत निदान वाचलेले लोक होते. आधी एका बाजूला पाणी आलं, मग माणसं दुसऱ्या बाजूला धावली, हे त्यांनी सांगितलं. ‘वैतरणे’बद्दल आपण मापांवरून जे अनुमान करतो, ते तिथे माणसांच्या तोंडून ऐकायला मिळालं.

‘वैतरणे’चा सांगाडा कधी सापडला तर ओळख पटवणं फार अवघड जाऊ नये. 170 फूट लांबीचा पोलादी सांगाडा आणि कंपाउंड इंजिन, एवढं पुरेल. तो किनाऱ्यापासून किती दूर आहे यावरून कप्तानाने खोल पाणी धरलं होतं की नाही हे ठरेल, माधवपूर आणि मांगरोळच्या साक्षींचाही निकाल लागेल. होड्या टांगायचे लोखंडी खांब कठड्याला जागेवर राहिले असतील, तर ते मोजून बोटीवर नेमक्या किती होड्या होत्या तेही सांगता येईल.